आज कोण मेलं?

सकाळी हिने चहा ठेवला आणि जाता जाता विचारलं, "आज कोण मेलं?" माझ्या रहस्यकथेची वही उघडी दिसली की ती असंच विचारते. मनात काही नसतं. पण आज चहा तसाच राहिला, आणि दिवसभरात एक ओळ उतरली नाही.

खरं तर हा प्रश्न तिचा जुना आहे. ९९ च्या मे ते जुलै रोज संध्याकाळी बातम्या लागल्या की आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर जमायच्या आणि कुणीतरी हळूच म्हणायचं, "आज कोण?" पुढचा शब्द कुणी उच्चारत नसे. कारगिलच्या त्या लढाईत आपले ५२७ गेले. मी परत आलो. आणि आता तीच बाई मला घरात बसून माणसं मारताना बघते.

दुपारी फार वाईट वाटलं. २६ जानेवारीला शाल-श्रीफळ द्यायला बोलावतात तेव्हा सगळ्यांना चढाईच्या गोष्टी हव्या असतात. वारीतला खून, वीणेकऱ्याने लावलेला छडा, हे कुणाला नको असतं. "फौजी माणूस, तुम्ही शौर्य लिहा हो!" दुसरं पुस्तक तर घरातसुद्धा... जाऊ दे.

माणसं का मारतो मी? रात्री हेच डोक्यात घोळत राहिलं.

आमच्या कंपनीतल्या एका पोराची पेटी घेऊन त्याच्या गावी गेलो होतो. आधीच्या लढायांत बहुतेकांना अग्नी तिकडेच मिळायचा. कारगिलपासून पेट्या घरी येऊ लागल्या. त्याच्या आईने तिरंग्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, "कुणी मारलं?" मी म्हणालो, "माय, वरून फायर आला." ती म्हणाली, "फायर आला, पण केला कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लढाईत ते कुणाकडेच नसतं, कुणी शोधतही नाही. रहस्यकथेत मात्र एका माणसाच्या मरणासाठी अख्खं पुस्तक उभं राहतं. कुणी, का, कुठून, सगळं विचारल्याशिवाय सुटका नाही. मी शौर्य लिहीत नाही ते यासाठी. हे हिला कधी नीट सांगता आलेलं नाही.

एडिथ पार्जेटर या इंग्रज लेखिकेला हे कळलं असेल असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धात त्या ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात टेलिप्रिंटरवर होत्या; १९४४ मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. पुढे एलिस पीटर्स या नावाने त्यांनी ब्रदर कॅडफेल उभा केला: तरुणपणी क्रूसेडमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धात लढलेला, नंतर मठात औषधी झाडपाला लावणारा साधू. १९७९ च्या पुस्तकात इंग्लंडचा राजा स्टीफन श्रूजबरीचा किल्ला घेतो आणि ९४ जणांना फासावर चढवतो. साल ११३८. कॅडफेल त्यांची प्रेतं नीट करायला जातो, मोजतो, तर भरतात ९५. त्या ढिगात एकाने काय फरक पडतो? कॅडफेलला पडतो. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. रोज नफरी, म्हणजे हजर जवानांची संख्या, मोजलेल्या माणसाला तो आकडा सोडतच नाही.

माझा वीणेकरीही पेन्शनीत आलेला. गळ्यातली वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून तो कशाला हात लावत नाही, फक्त बघतो आणि ऐकतो. पालखी तळावर पोचली की समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो, होऽऽ म्हणतो, सगळे टाळ थांबतात. गाऱ्हाणं असलेली दिंडी तेवढी वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, मग आरती. एवढ्या लाखांच्या मेळ्यात एका दिंडीचं ऐकायला सगळे थांबतात. माझा देव मला तिथे दिसतो, आणि कादंबरीही तिथूनच सुरू होते.

हिने उद्याही विचारलंच तर विचारू दे. तिने विचारलेलं मला बरंच वाटेल. ओसरीवर इतकी वर्षं अर्धाच राहिलेला प्रश्न निदान आता ती पुरा करते.

शेवटचं प्रकरण तेवढं अडलंय. मारणारा सापडला आहे. वीणेकऱ्याने त्याला पालखीच्या लोणंद मुक्कामीच पोलिसांच्या ताब्यात द्यावं, हे कायद्याने बरोबर. पण मला वाटतं त्याने आधी पोलिसांना सांगून मेलेल्याच्या म्हाताऱ्या आईला तळावर बोलावून घ्यावं. तिच्यासमोर त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावं, मी मारलं म्हणून. प्रकाशकांना ते लांबण वाटेल. वाटू दे, मी ते लिहिणार आहे.