‘नॉर्मल’ शेरा मारलेलं तेल

सकाळी साडेनऊला आमच्या तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत फोन आला. “मॅडम, तुमच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय आणि इथे मशीन तिसऱ्यांदा ट्रिप झालंय.” एका गॅस टर्बाइन प्रकल्पाचे मेंटेनन्स इंजिनिअर बोलत होते. आवाजात राग नव्हता, रात्रभर जागल्याचा थकवा होता. तोच मला जास्त लागला.

त्यांचं टर्बाइन रात्री बंद असायचं आणि विजेची मागणी चढू लागली की पहाटे सुरू व्हायचं. सुरू होतानाच इंधनाचा सर्व्हो व्हॉल्व्ह, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी झडप, अडकायचा. बेअरिंगचं वंगणतेल आणि हा व्हॉल्व्ह हलवणारं तेल एकाच टाकीतलं. व्हॉल्व्हच्या आत स्पूल नावाचा छोटा दांडा सरकतो, त्याच्याभोवतीची फट अवघी काही मायक्रॉनची.

मी जुना रिपोर्ट काढला. व्हीजी ३२ ग्रेडचं टर्बाइन ऑइल. विस्कॉसिटी (दाटपणा) जागेवर, आम्लांक जवळजवळ नव्या तेलाइतका, पाणी नगण्य. तेल ऑक्सिडाइझ झालं, म्हणजे ऑक्सिजनने बिघडलं, की त्यात कार्बोनिल नावाचे गट तयार होतात आणि इन्फ्रारेड आलेखात तरंगसंख्या १७१० च्या आसपास त्यांचा उंचवटा येतो. नव्या तेलाचा आलेख वजा करून पाहिलं होतं, तिथे रेघ सपाट होती. त्या सपाट रेघेच्या भरवशावर मी सही केली होती.

त्यांना म्हटलं, व्हॉल्व्ह उघडलाच आहे तर स्पूल पाठवा, टाकीतलं ताजं सॅम्पल पाठवा, आणि त्याच तेलाच्या सील न तोडलेल्या ड्रममधली एक बाटलीही द्या. ही शेवटची बाटली मी नेहमी हट्टाने मागते. तुलनेचं नवं तेल दुसऱ्याच मेकचं असलं तर वजाबाकीत नसलेले उंचवटे उगवतात आणि असलेले गायब होतात.

दुपारी ते स्वतःच सगळं घेऊन आले. स्पूलच्या कडांवर तपकिरी-सोनेरी लेप होता, पितळेवर जुनं पॉलिश चढावं तसा. बोटाने पुसून निघेना. हेक्झेनमध्ये बुडवलेल्या कापसानेही नाही. अ‍ॅसिटोन लावल्यावर मात्र कापूस कडक चहाच्या रंगाचा झाला. हेच व्हार्निश, बिघडलेल्या तेलाचा चिवट थर.

आधी व्होल्टॅमेट्री केली, म्हणजे तेलाला ऑक्सिडाइझ होऊ न देणारी रसायनं, अँटिऑक्सिडंट, किती उरलीत ते मोजलं. छोट्या बाटलीत पाच मिलिलिटर द्रावण आणि थोडी वाळू असते, त्यात ०.४ मिलिलिटर तेल घालून हलवायचं. तेल वाळूला धरून खाली बसतं, अँटिऑक्सिडंट वरच्या द्रावणात उतरतात. मग त्यात इलेक्ट्रोड बुडवून व्होल्टेज सेकंदाला ०.१ व्होल्टने चढवत न्यायचं. प्रत्येक अँटिऑक्सिडंट आपापल्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतो, त्या ठिकाणी करंट उसळतो. आधी अमाइन, नंतर फिनॉल. नव्या तेलात दोन ठसठशीत डोंगर आले. चालू तेलात अमाइनचा डोंगर निम्म्याहून थोडा जास्त उरला होता. फिनॉलच्या जागी जेमतेम एक सुरकुती. इलेक्ट्रोड खराब झाला असेल म्हणून तो घासून, धुऊन पुन्हा चालवलं. तीच सुरकुती.

फिनॉल आधी संपतो, कारण झिजलेल्या अमाइनला तो स्वतः खर्च होऊन पुन्हा उभा करतो. हे चालू असेपर्यंत तेलात कार्बोनिल फारसा वाढत नाही. मी पाहत होते ती रेघ खोटी नव्हती, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नव्हतं.

तरी एक गोष्ट खटकत होती. अमाइन इतका शिल्लक असताना एवढं व्हार्निश कुठून आलं? मी विचारलं, “फिल्टरच्या हाउसिंगमधून कधी टिकटिक ऐकू येते का?”

ते गप्प झाले. “येते. पाइप तापतोय-निवतोय म्हणून असेल, असं वाटलं आम्हाला.”

आजची शुद्ध केलेली बेस ऑइल वीज नीट वाहून नेत नाहीत. ती बारीक फिल्टरमधून जोरात गेली की स्थिर विद्युत साठते आणि ठिणगी पडते. त्या बिंदूपुरतं तापमान हजारो अंशांवर जातं, तिथलं तेल करपतं. दोन दिवसांनी त्यांनी फिल्टर कापून फोटो पाठवला. जाळीला टाचणीने टोचल्यासारखी भोकं, काठ काळे.

स्पूल आला त्याच संध्याकाळी त्यावरचा लेप खरवडून मी इन्फ्रारेडच्या हिऱ्याच्या खिडकीवर दाबला. १७१५ च्या जवळ कार्बोनिलचा रुंद, उंच सुळका. तेलात न दिसलेलं सगळं इथे धातूवर जाऊन बसलं होतं. मग तेलाचा जुना आलेख पुन्हा उघडून दुसऱ्या टोकाला गेले. ३६५० ला, फिनॉलच्या ओएच गटाच्या जागी, वजाबाकीत एक बारीक खड्डा होता. तो त्या रिपोर्टच्या वेळीही तिथेच होता. १७१० पाहून मी थांबले होते. हे मी त्यांना तसंच सांगितलं.

पॅचची चाचणी राहिली होती, म्हणजे तेल बारीक गाळणीच्या चकतीतून (पॅचमधून) गाळून तिच्यावर उमटलेला रंग पाहायचा. गरम तेलात व्हार्निश विरघळून राहतं, थंड झालं की बाहेर पडतं. म्हणून तर व्हॉल्व्ह पहाटेच अडकायचा. सॅम्पल ६० अंशांवर २४ तास, मग अंधारात ७२ तास ठेवावं लागतं. आधीचं सॅम्पल गरम-गरम आलं होतं आणि त्याच दिवशी गाळलं गेलं होतं. पॅच पांढरा आला यात नवल नव्हतं. या वेळी ०.४५ मायक्रॉनच्या पॅचवर भाजलेल्या रव्यासारखा रंग उमटला.

त्यांना वाटत होतं सगळं तेल बदलून मोकळं व्हावं. मी अडवलं. टाकीच्या आणि पाइपांच्या भिंतींवरचा लेप नव्या तेलात उतरला असता. आधी व्हार्निश धरून ठेवणारं रेझिनचं युनिट टाकीला जोडलं, फिल्टर स्थिर विद्युत न साठवणारे घेतले, मग थोडं तेल काढून नवं भरलं. हे मार्गी लागायला काही महिने गेले.

त्यांची बाटली आता दर महिन्याला येते. लेबलवर सॅम्पल घेतानाचं तेलाचं तापमान लिहिलेलं असतं, त्यांच्याच अक्षरात. ती आली की मी आलेख ३६५० पासून वाचायला घेते.