खंभातचं बंदर पाहिलं, समुद्र मात्र दिसला नाही

काल बडोद्याहून सगळे खंभातला जाऊन आलो. बंदर म्हणून जिथे उभं राहिलो तिथे पाणीच नाही! ओहोटीची वेळ. नजर जाईल तिथवर राखाडी चिखल. सासूबाई म्हणाल्या, "अगो, याच्यापेक्षा आपलं सुरसागर तळं बरं की."

पण याच किनाऱ्यावर १६१७ मध्ये जहांगीर बादशहा खास समुद्र बघायला आला होता. आयुष्यात पहिल्यांदा! त्याच्या आधी जगभर फिरलेला प्रवासी इब्न बतूताही येऊन गेलेला. मग मही नदीच्या गाळानं खाडी भरत गेली. मोठी जहाजं आखातापलीकडे घोघा बंदरातच थांबायची आणि माल छोट्या होड्यांतून इकडे यायचा. शेवटी सुरतेनं सगळा व्यापार ओढून घेतला.

मला खरी गंमत वाटली ती मासेमारीची. या आखातात भरती-ओहोटीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे तीन मजले पाणी चढतं आणि उतरतं. म्हणून होडी घेऊन माशांच्या मागे जायचंच नाही. चिखलात खुंट रोवून जाळी बांधायची, मासे भरतीबरोबर आपसूक येतात, पाणी ओसरलं की चालत जाऊन काढायचे. वेळ चुकली तर मात्र जिवाशी गाठ, कारण इथली भरती धावत येते. एवढं धाडस रोजचं, आणि बाजारात आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

अकीकचे मणी घेतले. रतनपूरचा दगड, भट्टीत तापवून लाल केलेला. हलवासन ही इथली मिठाईही घेतली, ती घरी पोचेपर्यंत संपली.

कुणी जाणार असाल तर भरतीची वेळ बघून निघा.