तुम्ही विचारलंत म्हणून: स्लॉट मशीन कायदेशीर करावं का?

“लोक खेळणारच, मग परवाना देऊन कर का घेऊ नये?” हा प्रश्न स्लॉट मशीनबद्दल, म्हणजे पैसे लावून बटण दाबलं की चाकं फिरतात आणि चिन्हं जुळली तर बक्षीस मिळतं अशा जुगाराच्या यंत्राबद्दल, आम्हाला वारंवार विचारला जातो. त्यात तथ्य आहे. चोरून चालणाऱ्या मशीनचा परतावा मालकाच्या मर्जीवर असतो. परवाना असला की निकाल ठरवणारी चिप तपासून सील करता येते, फसलेल्याला दाद मागता येते.

पण प्रामाणिक मशीनचाही हिशेब पाहा. ‘92 टक्के परतावा’ हा खिशातून आणलेल्या पैशांवर नसतो, लावलेल्या एकूण पैशांवर असतो. तासाला 600 फेऱ्या, दर फेरीला 10 चा डाव, म्हणजे 6000 ची उलाढाल. त्यातले 8 टक्के, सरासरी 480, मशीनकडे राहतात. 500 घेऊन बसलेला माणूस जिंकलेलंच पुन्हा लावत तासाभरात जवळजवळ रिकामा होतो. नियम मात्र कुठेच मोडलेला नसतो!

चाकांचंही तसंच. 1984 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या पद्धतीत निकाल चाक नव्हे, संगणक ठरवतो. समजा, दिसणाऱ्या प्रत्येक चाकावर 22 जागा आहेत आणि चिपमध्ये त्या चाकासाठी 64 आकडे, ज्यातला एक संगणक दर फेरीला निवडतो. मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला एकच आकडा, त्याच्या शेजारच्या कोऱ्या जागांना अनेक. तीन चाकं पाहून शक्यता 10,648 मध्ये एक वाटते, प्रत्यक्षात ती 2,62,144 मध्ये एक असते. शिवाय ‘थोडक्यात हुकलं’ हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं, आणि हात पुन्हा बटणाकडे जातो.

कराचा मुद्दा आम्हाला सर्वांत जास्त खटकतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने 2010 मध्ये अंदाज दिला की मशीनवरच्या खर्चातला सुमारे 40 टक्के भाग जुगाराच्या विळख्यात सापडलेल्यांकडून येतो. असा महसूल अंगवळणी पडला की मशीनला लगाम घालणं सरकारलाच जड जातं.

तरी ते अशक्य नाही. नॉर्वेने जुलै 2007 पासून जुनी मशीनं बंद केली, आणि पुढे सरकारी कंपनीची, कार्डाशिवाय न चालणारी, हरण्याची मर्यादा असलेली मशीनं आणली. ब्रिटनने 2019 मध्ये सट्ट्याच्या दुकानांतल्या मशीनवरचा कमाल डाव 100 पौंडांवरून 2 पौंडांवर आणला.

अशा अटी नसतील तर आमचं उत्तर नाही. अटी घालायच्याच तर कार्डावरची हरण्याची मर्यादा सगळ्या मशीनांना मिळून एकच हवी, नाहीतर माणूस शेजारच्या मशीनवर सरकतो. खेळणाऱ्याने मर्यादा कमी केली तर ती त्याच क्षणी लागू व्हावी. वाढवायची असेल तर ती दुसऱ्या दिवसाआधी लागू होऊ नये, कारण ती वाढवायचा हट्ट हरल्यावरच होतो.