उंची कमी केली, तेव्हा थारचं सस्पेन्शन जमलं

पुढून तीन इंच उंच झालेली थार गॅरेजमधून आणली त्या दिवशी मी तिच्याभोवती दोनदा फिरलो, इतकी देखणी दिसत होती. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन घोडबंदर रोडने निघालो आणि गायमुख येईपर्यंत तिची कंबर धरली. खड्ड्यात चाक उतरलं की पुढून ‘टक्’ असा लोखंडी आवाज यायचा. गॅरेजवाले म्हणाले, स्प्रिंग नवी आहे, चालवून चालवून बसेल. महिनाभर चालवली, काही बसलं नाही.

या थारला पुढे डबल विशबोन (चाकाला धरणारे वर-खाली दोन हात) आहे आणि शॉकवरच, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीवरच, स्प्रिंग, हे कंपनीकडूनच येतं. उंची वाढवायला मी बसवलेल्या कॉइलओव्हरमध्ये (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र संच) शॉकच्या अंगावर आटे आहेत. त्यावरची कॉलर, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते ती कडी, फिरवून उंची बदलते, आणि डॅम्पिंगला (स्प्रिंगची हालचाल शॉक किती रोखतो ते) कमी-जास्त करायला क्लिक आहेत. कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, असं मीही धरून चाललो होतो. ते चूक आहे. सरळ, एकसारख्या वेढ्यांची स्प्रिंग जेवढी कडक असते तेवढीच राहते. गाडी फक्त वर उचलली जाते. आणि वर गेलेल्या गाडीच्या चाकाला खाली सुटायला जागा उरत नाही.

एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढची दोन्ही चाकं उचलून जॅक स्टँड लावले. चाकं लटकत असताना शॉकचा दांडा किती दिसतो ते मोजलं, मग गाडी खाली ठेवून पुन्हा मोजलं. फरक जेमतेम 18 मिमी! दांड्याचा एकूण प्रवास 120 मिमी. म्हणजे खड्ड्यात चाक जरा खाली गेलं की शॉक पूर्ण ताणून आपटत होता. तोच तो ‘टक्’.

कॉलर फिरवायच्या आधी गाडी उचलून स्प्रिंगवरचा भार काढायचा आणि आटे ब्रशने स्वच्छ करायचे. चिखल अडकलेल्या आट्यांवर जोर लावला तर ते कायमचे खराब होतात. मी कॉलर टप्प्याटप्प्याने 22 मिमी सैल केली. चाकाशी उंची मात्र 35 मिमीने उतरली, कारण शॉक विशबोनच्या मधोमध कुठेतरी टेकतो. मोजायचं हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, म्हणजे टायरच्या हवेचा संबंध येत नाही. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. चाकं आत ओढलेली राहतात आणि उंची खोटी दिसते; आधी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला. माझे पहिले आकडे यामुळेच फुकट गेले.

‘टक्’ बंद झाला. मग विशबोनच्या बुशचे (रबरी जोडांचे) बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळले. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं. अलाइनमेंट केली, हेडलाइटचा रोख पुन्हा जुळवला.

मग रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडते ते. त्यासाठी पहाटे एकच सर्व्हिस रोड, थंड टायरमध्ये तीच हवा, सोबत एक वही. शॉकचा नॉब पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. 14 क्लिक उघडल्यावर गाडी होडीसारखी डोलायची. 4 वर ओळीने आलेल्या खड्ड्यांत ती खाली खाली बसत जायची, कारण पुढचा खड्डा येईपर्यंत स्प्रिंगला वर यायला वेळच मिळत नव्हता. हा दणकाही कडक स्प्रिंगसारखाच लागतो, म्हणून फसायला होतं. 9 वर थांबलो. आधी पंधरा मिनिटं चालवून तेल गरम होऊ द्यायचं, नाहीतर निकाल दुसऱ्या दिवशी बदलतो.

मुरबाडच्या पुढे दगडी वाटेवर नेण्याआधी शॉक किती दाबला जातो ते कळावं म्हणून दांड्यावर झिप टाय (प्लास्टिकची पट्टी) बांधला. परत आल्यावर तो 60 मिमी सरकलेला होता, म्हणजे वर दाबायला अजून थोडी जागा शिल्लक आहे.

परवा आई त्याच रस्त्याने आली आणि वाटेत झोपली. आता मागची बाजू घ्यायची आहे. माणसं आणि सामान भरलं की ती फार बसते, आणि तिथे मात्र कॉलरने भागणार नाही, स्प्रिंगच बदलावी लागेल.