पुरणात जळलेला मिक्सर आणि एक लोहार

होळीच्या आदल्या दिवशी मिक्सर जळला. आई म्हणत होती माळ्यावरचं पुरणयंत्र काढ, पण मला कंटाळा, म्हटलं मिक्सरला फिरवते दोन मिनिटांत, आणि ते घट्ट पुरण असं काही अडकलं की आधी घुंऽऽ आवाज, मग तो ओळखीचा जळका वास, मग सगळं गप्प. आई काही बोलली नाही, फक्त माळ्याखाली स्टूल आणून ठेवलं.

धुळवड झाल्यावर मिक्सर घेऊन पुण्यातल्या तपकीर गल्लीकडे गेले, तिथे एका बोळात वाइंडिंगचं, म्हणजे मोटरला नवी तार गुंडाळून देणारं दुकान आहे, दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं एवढंच. काकांनी मोटर उघडली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "आर्मेचर गेलं. नवीन टाकू का वाइंडिंग करू?" आर्मेचर म्हणजे मोटरचा आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग. मी म्हटलं वाइंडिंग करा, मला बघायचंय. मग त्यांनी छिन्नीने काळी पडलेली तार तोडून झुबक्याझुबक्याने उपसून काढली. ही तार दिसते उघडी, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो, तो जळला की वेढे एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट. आणि जळतो का, तर मोटर फिरत असताना स्वतःच विजेचा उलटा दाब तयार करते, त्यामुळे करंट आवाक्यात राहतो, ती अडकली की त्याला आवरणारं कोणी उरत नाही. म्हणजे माझं पुरण.

ते वेढे बघताना मला थॉमस डेव्हनपोर्ट आठवला. अमेरिकेत व्हरमाँटमधला लोहार, फारसं शिक्षण नाही. १८३३ मध्ये एका लोखंडाच्या कारखान्यात त्याने विद्युतचुंबक, म्हणजे भोवतीच्या तारेत वीज सोडली की चुंबक होणारं लोखंड, बघितला आणि पार वेडा झाला, भावाचा घोडा मोडून पैसे उभे केले आणि तो चुंबक विकत घेतला, मग घरी आणून उलगडला, आत काय आहे ते बघायला. आता नवीन चुंबक करायचा तर तारेवर काहीतरी गुंडाळायला हवं, इनॅमलची तार तेव्हा कुठली! तर त्याची बायको एमिली, तिने म्हणे आपल्या लग्नाचा रेशमी पोशाख फाडून पट्ट्या केल्या. मी असते तर आधी घोड्याचा हिशोब मागितला असता.

तोवर बाकीची तयारी झालेली होती. १८२० मध्ये ऑर्स्टेड नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं की तारेतून करंट सोडला की शेजारची होकायंत्राची सुई हलते, पुढच्याच वर्षी फॅरेडेने पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. पण त्याने काम काहीच होत नव्हतं, नुसती गंमत. डेव्हनपोर्टने असल्या चुंबकांतून केलेली मोटर मात्र काम करायची. १८३७ मध्ये त्याला पेटंट मिळालं, १८४० मध्ये त्याने मोटरवर छापखाना चालवून वर्तमानपत्रसुद्धा काढलं. पैसा मात्र नाही आला, १८५१ मध्ये बिचारा गेला.

का नाही आला, तर भिंतीत प्लगच नव्हता हो! वीज यायची बॅटरीतून, आणि बॅटरी खायची जस्त. रशियात याकोबीने १८३८ मध्ये नेवा नदीत मोटरवर होडी चालवली, चौदा माणसं बसवून, तीही बॅटऱ्यांवरच. स्कॉटलंडमध्ये डेव्हिडसनने १८४२ मध्ये रुळावर इंजिन पळवलं, पळवलं कसलं, ताशी चार मैल. ते इंजिन पुढे रेल्वेच्याच कामगारांनी फोडलं असं सांगतात, त्यांना पोटावर पाय येईल असं वाटलं. मला वाटतं उगाच घाबरले, कारण मँचेस्टरकडचा शास्त्रज्ञ जूल, घरची बिअरची भट्टी, त्याने १८४१ च्या सुमारास हिशोब मांडला की एक पौंड जस्तापेक्षा वाफेच्या चांगल्या इंजिनातला एक पौंड कोळसा चार-पाच पट काम देतो, वर जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. मोटरमध्ये खोट नव्हती, चाराच परवडत नव्हता.

सुटला तो गुंता १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात. ग्राम नावाच्या माणसाचा डायनॅमो, म्हणजे फिरवला की वीज देणारं यंत्र. एका चालू डायनॅमोच्या तारा दुसऱ्याला जोडल्या आणि तो दुसरा आपोआप गरागरा फिरायला लागला. म्हणजे कोळसा एकीकडे जाळा, काम दुसरीकडे करून घ्या. आपल्याकडे १९२९ मध्ये कल्याण-पुणे लाइन विजेवर आली आणि पुढच्या वर्षी डेक्कन क्वीन, तिने बोरघाट चढायचा तो याच जोरावर.

चार दिवसांनी मिक्सर मिळाला, अजून वॉर्निशचा वास येत होता. काकांनी चालू करून दाखवला, फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशपाशी बारीक निळ्या ठिणग्या. "काय वाटत होतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चटणी.

"चटणीने एवढं जळत नाही," म्हणाले आणि भांड्याच्या बुडाशी वाळलेलं पुरण नखाने खरवडून दाखवलं.