लांहारोनचं पाणी, आणि मागून जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

लांहारोनला जायचं कारण म्हणजे आईचे गुडघे. स्पेनमधल्या ग्रॅनाडा शहरातला अलहांब्रा राजवाडा बघायचं कित्येक वर्षं मनात होतं, पण सत्तरीला टेकलेल्या आईला घेऊन रोज ग्रॅनाडाचे चढउतार तुडवायचे तर मध्ये चार दिवस विसावा हवाच. नकाशा चाळताना ग्रॅनाडापासून साधारण ४५ किलोमीटरवर, सिएरा नेवादा डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर हे गाव दिसलं. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, समुद्रसपाटीपासूनची उंची साडेसहाशे मीटरच्या वर, आणि अठराव्या शतकापासून औषधी पाण्यासाठी नाव असलेलं. तिथल्या औषधी पाण्याच्या स्नानगृहाला बाल्नेआरिओ म्हणतात. आई म्हणाली, "वज्रेश्वरीसारखंच ना? मग जाऊ या." दोन रात्रींचं ठरवून गेलो आणि पाच रात्री राहिलो.

आधी उच्चार सांगतो, कारण तिकीट खिडकीवर माझी अडचण तिथूनच सुरू झाली. नावाच्या मधलं अक्षर इंग्रजी वाचण्याच्या सवयीने आपण 'ज' म्हणतो. स्पॅनिशमध्ये तो घशातून येणारा 'ह' आहे. लां-हा-रोन, आणि जोर शेवटच्या 'रोन'वर.

बस ग्रॅनाडाच्या मुख्य बस स्थानकावरून सुटते. हे स्थानक शहराच्या मध्यापासून लांब आहे, त्यामुळे हॉटेलातून अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून निघा. प्रवास तासाभरापेक्षा थोडा जास्त. हीच बस पुढे ओर्खिवा आणि पाम्पानेइराकडे जाते, म्हणून आपलं गाव आलं की स्वतःच उठायचं. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात. आम्ही रविवारचं वेळापत्रक न बघता ओर्खिवाला गेलो आणि परत येताना टॅक्सीचा भुर्दंड बसला. जाताना उजवीकडची खिडकी धरा. ग्रॅनाडा सोडल्यावर रस्ता एका लहानशा खिंडीतून जातो. खिंडीचं नाव 'मूराचा सुस्कारा', मूर म्हणजे तिथले मुसलमान. १४९२च्या जानेवारीत शहर ख्रिस्ती राजांच्या हवाली करून निघालेला शेवटचा सुलतान बोअब्दिल याने इथून मागे वळून शेवटचं बघितलं, अशी आख्यायिका आहे. त्याला जहागीर मिळाली ती याच डोंगराळ मुलखात, अल्पुहारात. लांहारोन हे त्या मुलखाचं दार.

गाव म्हणजे डोंगराच्या कुशीत आडवा पसरलेला एक लांबच लांब रस्ता. ग्रॅनाडाकडून येताना तोंडाशीच बाल्नेआरिओ लागतं आणि दुसऱ्या टोकाला ओंदिय्यो हा जुना मोहल्ला. म्हातारं माणूस सोबत असेल तर खोली या मुख्य रस्त्यावरच घ्या. रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, दुकानं, औषधांचं दुकान, बसथांबा सगळं त्याच्यावर. गल्ल्या मात्र सरळ वर चढतात किंवा खाली उतरतात. पहिल्या दोन रात्रींसाठी मी फोटो बघून एक जुनं घर घेतलं होतं. गच्ची सुरेख, पण बसथांब्यापासून नव्वद पायऱ्या. बॅगा मी नेल्या, आईला नेता आलं नाही. ती दर दहा पायऱ्यांनी थांबत होती. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या साध्या हॉटेलात हललो आणि तिथून खरा आराम सुरू झाला.

बाल्नेआरिओबद्दल सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा की इथलं पाणी जमिनीतून वाफाळत येत नाही. आईच्या मनात गरम कुंड होतं. इथल्या झऱ्यांचं पाणी थंड ते कोमट असतं, आणि अंघोळीसाठी ते तापवून घेतात. वैशिष्ट्य आहे ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं. काही अंतरावर फुटणाऱ्या झऱ्यांच्या चवी एकमेकींशी जुळत नाहीत, त्यांचे उपयोग वेगळे आणि नावंही वेगळी. सगळ्यात प्रसिद्ध झरा कापुचिना. पोट साफ व्हायला आणि यकृतासाठी त्याचं पाणी सकाळी अनशापोटी, मोजून देतात. मला छोट्या पेल्यात दिलं. वास जुन्या लोखंडी पंपाच्या पहिल्या धारेचा, चव आधी खारट आणि मग जिभेच्या कडांना गंजाची. ज्या दगडी भांड्यात धार पडते त्याला नारिंगी-तपकिरी थर चढला आहे, बोट फिरवलं की बोट रंगतं. लोह असं उघड्या डोळ्यांनी दिसतं. तासाभरात पोटाने कौल दिला. म्हणून त्या सकाळी दुसरा काही बेत ठेवू नका.

आईला मात्र डॉक्टरीणबाईंनी कापुचिना दिलं नाही. उपचारांआधी तिथे वैद्यकीय तपासणी होते, आणि ती मनापासून होते. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या बघितल्या आणि खारं पाणी नको म्हणाल्या. गुडघ्यांसाठी कोमट पाण्यातली अंघोळ, पाण्याच्या झोताचा मारा आणि गरम चिखलाचा लेप, एवढंच लिहून दिलं. तेव्हा घेत असलेल्या औषधांची यादी, शक्यतो औषधांच्या मूळ नावांनी लिहून, सोबत न्या. आमची कंपन्यांच्या नावांची यादी तिथे कुणाला कळेना. पोहण्याची टोपी आणि रबरी चपला लागतात. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, पण आईचा गुडघ्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख चालला. तिला सगळ्यात जास्त धास्ती याचीच होती, म्हणून मुद्दाम लिहितो. आत गेल्यावर तिच्याच वयाच्या वीस-पंचवीस बायका पाण्यात गप्पा मारत बसलेल्या. स्पेनमध्ये निवृत्त लोकांना सरकारी योजनेतून सवलतीत अशा ठिकाणी पाठवतात, त्यामुळे तिथे गर्दी म्हाताऱ्यांचीच. हिवाळ्यात बाल्नेआरिओ काही काळ बंद असतं, म्हणून तारखा विचारूनच तिकिटं काढा.

गुडघे बरे झाले का? नाही. पाच दिवसांत झीज भरून येत नाही आणि तसं तिथे कुणी सांगितलंही नाही. पण चौथ्या दिवशी आई गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठी न घेता चालली. मला तेवढं पुरे होतं.

लांहारोनचं पाणी नुसतं बाल्नेआरिओत नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. गावभर कोपऱ्याकोपऱ्यावर कारंजी आहेत, भिंतीतून सतत धार पडणारी, आणि बऱ्याच ठिकाणी वर फरश्यांवर कवितांच्या ओळी. कवी लोर्का १९२०च्या दशकात घरच्यांसोबत इथे उतरत असे, कारण त्याच्या आईला पाण्याचे उपचार घ्यायचे असत. माझी आई हे ऐकून थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे तोही आईच्या मागूनच आला की." बायका संध्याकाळी मोठाले कॅन घेऊन येतात, भरतात, घटकाभर बोलतात आणि जातात. याच गावाच्या नावाचं बाटलीबंद पाणी सबंध स्पेनमध्ये विकलं जातं. इथे बाटली विकत घेऊ नका. कारंज्यावर 'नो पोताब्ले' असं लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. तसं नसेल तर गाववाल्यांचं बघून भरून घ्या.

तिसऱ्या दिवशी आई बाल्नेआरिओत असताना मी गावाच्या वर चढलो, चेस्टनटच्या झाडांकडे. तिथे डोंगराच्या अंगावरून हातभर रुंदीचा पाट वाहत होता. शब्द आहे 'आसेकिया', मूळ अरबी. हजारेक वर्षांपूर्वी मुस्लिम शेतकऱ्यांनी खोदायला घेतलेले हे पाट आजही चालू आहेत. एका वळणावर एक म्हातारबुवा कुदळीने चिखल ओढत होते. पाटाच्या तोंडाशी सपाट दगड, त्याला चिखल आणि जुन्या कापडाचा बोळा लावून पाणी अडवलेलं. त्यांनी बोळा काढला, दगड सरकवला आणि पाणी खालच्या संत्र्यांच्या वाफ्यात वळलं. माझं आजोळ मोसम नदीकाठचं, फडाचं, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने गावकऱ्यांनी पाळीपाळीने वाटून घ्यायच्या पद्धतीचं. मामाला असंच दारं धरताना शंभरदा बघितलंय, तीच कुदळ मारायची पद्धत, तेच पाण्याच्या पुढे पुढे चालत जाणं. माझं स्पॅनिश चार शब्दांचं, तरी मी त्यांना खुणांनी विचारलं की पाळी ठरलेली असते का. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं, मग खालच्या शेताकडे बोट केलं. म्हणजे त्यांची वेळ संपत आली होती आणि पुढचा वाट बघत होता. आपल्याकडे फडाला पाटकरी असतो तसा इथे 'आसेकिएरो' असतो, पाळ्या सांभाळणारा.

याहून मोठी गोष्ट डोंगराच्या आणखी वर आहे. वसंतात बर्फ वितळायला लागलं की ते पाणी सरळ नदीला जाऊ न देता उंचावरच्या खास पाटांत वळवतात आणि ठरावीक जागी जमिनीत मुरू देतात. मुरलेलं पाणी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून बाहेर येतं, नेमकं उन्हाळ्यात, जेव्हा वर बर्फ उरलेलं नसतं. धरण न बांधता डोंगराच्या पोटातच साठा. यातले बरेच पाट मधल्या काळात बुजले होते. २०१४ पासून ग्रॅनाडा विद्यापीठाच्या अभ्यासकांच्या पुढाकाराने स्वयंसेवक ते उकरून पुन्हा वाहते करताहेत, सुरुवात शेजारच्या कान्यार गावच्या पाटापासून झाली. आपल्याकडे फड एकामागून एक मोडत चाललेले बघून आलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटलं असेल ते मी वेगळं लिहीत नाही.

ज्यांनी हे पाट रचले त्यांचं काय झालं, ते गावाखालच्या खडकावरचा पडका किल्ला सांगतो. धर्मांतराच्या सक्तीविरुद्ध अल्पुहारा पेटला तेव्हा मार्च १५०० मध्ये राजा फर्नांदो स्वतः फौज घेऊन लांहारोनवर आला. किल्ल्याच्या सरदाराने शरण न जाता बुरुजावरून उडी घेतली असं सांगतात. १५६८ मध्ये दुसरं बंड झालं, तेही चिरडलं गेलं आणि मोरिस्को लोकांना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना, इथून हाकलून उत्तरेकडची कुटुंबं आणून वसवली. नव्यांना पाट चालवायला शिकवावं म्हणून गावागावात एखाद-दोन मोरिस्को घरं मागे ठेवली होती असंही सांगतात. किल्ल्यापर्यंत उतरायला सोपं, चढताना दम लागतो. संध्याकाळचं ऊन उतरल्यावरच जा, पाणी घेऊन.

खाण्याचं थोडं. हा डुकराच्या मांसाचा मुलूख. त्रेवेलेसचं वाळवलेलं हामोन इथली शान, आणि ते भाजीत, सुपात, कुठेही येतं. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको एवढं सांगून भागत नाही, कारण हामोन आणि मासळी त्यात धरतीलच असं नाही. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन अतून' असं तिन्ही म्हणा, नाहीतर सॅलडवर टूना येतोच. आम्ही जगलो 'पापास आ लो पोब्रे'वर, म्हणजे गरिबाघरचे बटाटे. जाडसर चकत्या, कांदा आणि हिरवी ढोबळी मिरची भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवलेली. चकत्या अख्ख्या राहत नाहीत, कडा विरघळतात. आईने वरून घरून आणलेली लसणाची चटणी भुरभुरली आणि वाढणाऱ्या मुलीलाही चाखायला दिली. तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी घालून देतात, तेही मागा, काकवी आपल्या ओळखीचीच आहे. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, आणि रात्री साडेआठच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही. गोळ्या वेळेवर घ्यायच्या असणाऱ्यांनी खोलीत फळं, पाव, दही ठेवावं.

एक दिवस काढून पोकेइरा दरीतल्या पाम्पानेइरा आणि कापिलेइराला जाऊन या, बस तीच. तिथली घरं सपाट धाब्यांची, वर 'लाउना' नावाची करडी माती, जी पाणी आत येऊ देत नाही. कापिलेइरा १४०० मीटरच्या वर आहे, लांहारोनला उकडत असलं तरी तिथे स्वेटर लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी कापिलेइरापर्यंत बसने जावं आणि पायी उतरायच्या भानगडीत पडू नये, वाट दगडांची आहे.

२३ जूनच्या रात्री, सान हुआनच्या सणाला, बारा वाजल्यापासून तासभर सबंध गाव एकमेकांवर पाणी ओततं, गच्च्यांवरून बादल्या आणि रस्त्यावर नळ्या. आम्ही मेमध्ये होतो, म्हणून ते हॉटेलवाल्या बाईंकडून ऐकलं. त्या आठवड्यात जायचं असेल तर खोली काही महिने आधी धरा आणि म्हाताऱ्यांना त्या रात्री खाली उतरवू नका. याच गावात १९९९ मध्ये स्मशानभूमी भरली म्हणून नव्या जागेची सोय होईपर्यंत कुणी मरायचं नाही, असा हुकूम नगराध्यक्षांनी काढला होता. आईला ही गोष्ट इतकी आवडली की भिशीतल्या मैत्रिणींना तिने तिथूनच फोन करून सांगितली.

निघायच्या सकाळी बसला वेळ होता. आई रिकामी बाटली घेऊन कारंज्यावर गेली. तिथे उभ्या असलेल्या आजींनी स्वतःचा कॅन बाजूला ओढून तिला आधी भरू दिलं.