बंद टीव्हीतला करंट

सेलूला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, भिंतीला लाकडी फळ्या आणि फळ्यांवर मागचं झाकण काढलेले टीव्ही. शाळा सुटली की मी तिथंच. दप्तर टेकवायचं, स्टुलावर बसायचं आणि कथलाचा धूर नाकात भरून घ्यायचा. बाकी कशालाही हात लावायची मुभा होती. ट्रान्झिस्टर उघड, टेपचं हेड स्पिरिटनं पूस, कॅसेटची ओढली गेलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळ. फक्त उघड्या टीव्हीजवळ जायचं नाही. "बंद हाय म्हणून हात लावशील अन् उडून पडशील," अण्णा म्हणायचे. "वायर काढली तरी पिक्चर ट्यूब करंट धरून ठिवती." एकदा त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं ट्यूब डिस्चार्ज करून दाखवली. चट् आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. तो टीव्ही आदल्या दिवसापासून बंद होता.

हे आधी सांगितलं, कारण अ‍ॅफेक्स ट्विन या नावानं इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा माणूस मला भेटला तो याच ठिणगीतून.

२००८ साली मी औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. होस्टेलवर सहा जणांत एक कॉम्प्युटर. लातूरच्या एका मित्रानं रात्री पेन ड्राइव्ह लावला आणि खोलीतला लाइट घालवला. गाणं होतं त्याचं ‘कम टू डॅडी’, १९९७ सालचं, व्हिडिओचा दिग्दर्शक ख्रिस कनिंगहॅम. लंडनच्या थेम्समीड वस्तीतल्या उदास, काँक्रीटच्या इमारती. एक म्हातारी कुत्रं फिरवायला निघालीय. वाटेत कचऱ्यात कुणीतरी टाकून दिलेला टीव्ही पडलाय. कुत्रं त्याच्यावर मुततं आणि तो टीव्ही चालू होतो. आत एक चेहरा, वाकडातिकडा होत ओरडणारा. मग कोपऱ्याकोपऱ्यातून लहान लेकरं धावत येतात आणि सगळ्या लेकरांना एकाच दाढीवाल्या माणसाचं तोंड, तेच दात विचकून हसू. शेवटी त्या टीव्हीतून एक काडीसारखं उंच, नागडं भूत बाहेर येतं आणि म्हातारीच्या तोंडासमोर उभं राहून किंचाळतं. तिचे केस त्या किंचाळण्यानं मागं उडतात.

पोरं घाबरली, मग हसली, मग झोपली. मला झोप आली नाही. फेकून दिलेला, वायर नसलेला टीव्ही आणि त्यात अजून काहीतरी जिवंत आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या बापानं ते मला ठिणगी पाडून दाखवलं होतं. लंडनमधल्या कुणातरी माणसानं त्याचा व्हिडिओ केला होता.

पुष्कळ लोक या व्हिडिओपाशीच थांबतात. भीतीदायक तोंडवाला, डोकं उठवणारा माणूस म्हणून अ‍ॅफेक्स ट्विनला बाजूला ठेवतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण त्याच माणसाचा १९९२ चा ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५-९२’ हा अल्बम आहे. त्यातलं पहिलं गाणं ‘एक्स्टल’ लावा. खाली मऊ ठेका, वर एका बाईचा पुसट, शब्द नसलेला आवाज, लांबच्या गल्लीतून यावा तसा. ही गाणी त्यानं कॅसेटवर केली होती आणि ती कॅसेटची खरखर अल्बममध्ये तशीच राहिलीय. माझ्यासाठी ती खरखर म्हणजे अण्णांच्या दुकानातली संध्याकाळ. गाणं सुरू व्हायच्या आधी टेप नुसता फिरायचा, तेव्हा यायचा तोच आवाज.

त्याचं खरं नाव रिचर्ड डी. जेम्स. जन्म १९७१ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा, पण वाढला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या लॅनर नावाच्या गावात. लंडनपासून लांब. त्यानंही तिथल्याच कॉलेजात इंजिनिअरिंगचे धडे घेतले, यंत्रं उघडून स्वतःला हवी तशी बदलून घेतली. आणि त्याचं गाव आहे कथलाच्या खाणींच्या पट्ट्यात. बाप खाणीत कामाला. शेकडो वर्षं तिथून कथील निघत होतं, शेवटची खाण १९९८ मध्ये बंद पडली. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. कथील म्हणजे अण्णांच्या सोल्डरची तार. कथील म्हणजे दिवाळीआधी गल्लीत येणारा कल्हईवाला, त्याचा भाता, नवसागराचा पांढरा धूर आणि पितळेच्या पातेल्यात कापसाच्या बोळ्यानं एका फटक्यात पसरलेली चांदी. एक धातू दोन गावांना इतका ओळखीचा असू शकतो, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर २००१ मध्ये त्याचा ‘ड्रुक्स’ आला. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच. दोन सीडींचा अल्बम, तीस गाणी, आणि कित्येक गाण्यांची नावं कॉर्निश भाषेतली. कॉर्निश म्हणजे कॉर्नवॉलची जुनी बोली, घरात बोलणारं माणूसच उरलं नव्हतं, मग लोकांनी पुस्तकांतून पुन्हा शिकून जिवंत केली. पहिल्याच गाण्याचं नाव ‘जिनवेथेक यलो’, म्हणजे यंत्राचं संगीत. जगभर ऐकला जाणारा माणूस आपल्या गाण्याला अशा भाषेतलं नाव देतो, जी त्याच्या जिल्ह्याबाहेर कुणाला वाचताही येत नाही. मला हे फार मोठं वाटतं. मी कंपनीत मीटिंगमध्ये ‘करायलोय’ म्हणायला दहा वर्षं कचरलो.

त्या अल्बममध्ये अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा आहे, ‘लॉर्नाडेरेक’. लॉर्ना आणि डेरेक हे त्याचे आईबाप. फोनवर दोघं मिळून लेकाला वाढदिवसाचं गाणं म्हणतायत, बस्स. अल्बमभर इतकी वेगवान, यंत्रं पिसाटल्यासारखी गाणी आणि मधेच आईबापाचा फोन. तो त्यानं काढला नाही, पुसला नाही, अल्बममध्ये ठेवला.

वेगाचं म्हणाल तर ते मला हलगीनं शिकवलं. आमच्याकडं वरातीत हलगीवाला जाळावर हलगी तापवून घ्यायचा आणि मग टिपरू असं लावायचा की ठोके मोजता यायचे नाहीत. ड्रुक्समधले ड्रम तसे आहेत, आणि पुढं जाऊन तो ठोके इतके जवळ आणतो की ठोक्यांचा ठोका राहत नाही, सूर होतो. सेकंदाला वीस-पंचवीसच्या वर ठोके गेले की कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, एकसंध स्वर ऐकू येतो. हे आम्हाला कॉलेजात फळ्यावर शिकवलं होतं. पण कळलं ते त्याच्या गाण्यात.

याच अल्बममध्ये ‘एव्हरिल फोर्टीन्थ’ आहे, दोन मिनिटांचा पियानो. कॉम्प्युटरवर चालणारा खरा पियानो, म्हणून पट्ट्या दाबल्या-सुटल्याचा लाकडी खटखटाट सुरांच्या खाली ऐकू येतो. आणि ‘क्यूकेथर’ आहे, भात्यावरच्या वाद्याचं, दीड मिनिटाच्या आसपासचं. हे मी अण्णांना ऐकवलं. अण्णा सेलूच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवतात. एरवी माझ्या गाण्यांना ते "चालू दे" म्हणून पेपर वाचत बसतात. या वेळी पेपर खाली ठेवला. गाण्यात मधे मधे करकर येते, वाद्य श्वास घेतल्यासारखं. अण्णांनी कान पुढं केला.

"याचा भाता गळायलाय," ते म्हणाले. "आतून कापडी पट्टी मारा म्हणावं."

मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा डावा हात मांडीवर भाता मारत होता.

"पण वाजवणारा घाई करायला न्हाई. चांगला हाय."

मी ज्या माणसावरचे शेकडो लेख वाचलेत, त्याच्याबद्दल याहून खरं वाक्य मी कुठं वाचलं नाही.

‘विंडोलिकर’चा व्हिडिओ, १९९९ चा, तोही कनिंगहॅमचाच, सगळ्यांना माहीत असतो. संपतच नाही अशी लांबलचक गाडी, छत्री घेऊन केलेला नाच, सगळ्या बायकांना त्याचाच चेहरा. सुरुवातीच्या शिवीगाळीची काही मिनिटं मी अजून पुढं ढकलतो, तो छत्रीचा नाच मात्र शंभरदा पाहिलाय. त्याच सीडीवरच्या दुसऱ्या तुकड्यात आवाजातच चेहरा दडवलेला आहे. आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम काढला, म्हणजे कुठल्या क्षणी कोणते सूर किती जोरात आहेत त्याचा आलेख, की शेवटी तेच हसू पडद्यावर उमटतं. लॅबमध्ये प्रॅक्टिकल झाल्यावर मी ते काढून पाहिलं होतं. कानाला तो नुसता करकरीत आवाज लागतो. डोळ्यासमोर माणूस येतो.

‘ड्रुक्स’नंतर तेरा वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याचा ‘सायरो’ हा अल्बम आला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. त्यातलं शेवटचं गाणं ‘ऐसात्साना’. बायकोचं अनास्तासिया हे नाव उलटं लिहिलेलं. नुसता पियानो आणि मागं पाखरं. हे मी फक्त रेल्वेत ऐकतो. संभाजीनगरहून गावाकडं निघालो की जालना गेलं, परतूर गेलं, सातोना आलं की लावायचं. खिडकीबाहेर कापूस, मग दुधनेचा पट्टा. सूर इतके विरळ पडतात की दोन सुरांच्या मधे डब्यातलं लेकरू, चहावाला, रुळांचा खडखडाट सगळं मावतं. गाणं संपतं, पाखरं काही वेळ राहतात, आणि सेलूचं स्टेशन येतं.

आता सगळ्यात आवडता व्हिडिओ. २०१६ मध्ये ‘चीता’ नावाचा छोटा अल्बम आला. चीता हा एक जुना ब्रिटिश सिंथेसायझर, चालवायला अतिशय किचकट म्हणून प्रसिद्ध. ज्याच्या वाट्याला लोक गेले नाहीत, तेच यंत्र याला हवं होतं. त्यातल्या ‘सर्कलॉन थ्री’ या गाण्याचा व्हिडिओ कुणी करावा? विंडोलिकरनंतर सतरा वर्षांनी येणारा पहिला अधिकृत व्हिडिओ. मोठमोठे दिग्दर्शक हात जोडून उभे राहिले असते. त्यानं तो दिला डब्लिनजवळच्या बारा वर्षांच्या एका मुलाला. हा मुलगा त्याच्या गाण्यांवर नाचून यूट्यूबवर टाकायचा. व्हिडिओत तो आणि त्याच्या घरचे त्या हसऱ्या तोंडाचे मुखवटे घालून नाचतात. बास, एवढंच. १९९७ च्या व्हिडिओतल्या ज्या तोंडाच्या लेकरांना बघून आम्ही होस्टेलवर लाइट लावला होता, त्याच तोंडाचं एक लेकरू इथं मनसोक्त उड्या मारतंय, आणि भीती कुठंच नाही.

गेल्या दिवाळीत ताईची दोन लेकरं आणि माझी दोन, चौघांनी तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर लागोपाठ सहा वेळा पाहिला. मग घर शांत झालं. तासाभरानं गच्चीवरून गाणं ऐकू आलं म्हणून मी वर गेलो. पोरांनी अण्णांचा पासपोर्ट फोटो झेरॉक्सच्या दुकानात नेऊन मोठा करून आणला होता. चार प्रती. पुठ्ठ्यावर चिकटवून डोळ्यांच्या जागी भोकं पाडली होती. गच्चीवर चार अण्णा नाचत होते, टोपीसकट, मिशीसकट. खरे अण्णा पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. धाकट्याचा मुखवटा सारखा घसरत होता. त्याला अण्णांनी जवळ ओढलं, खिशातून सोल्डरच्या तारेचा तुकडा काढला, पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांतून ओवला आणि कानामागं पीळ देऊन घट्ट बसवला.

"आता नाच," म्हणाले. "न्हाई पडायचा."